पहिल्यांदाच स्थळं बघताय? घडलेलं विचारा

नोकरी लागून वर्ष-दोन वर्षं झाली की घरात विषय निघतो. मावशी सहज म्हणून विचारते, आई कुणाचा तरी बायोडाटा समोर ठेवून तसाच तुमचा करायला घेते, आणि एका रविवारी कळतं की आपला फोटो कुठल्या कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. ज्यांनी अजून एकही स्थळ पाहिलेलं नाही अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. ज्यांनी स्वतःचं स्वतः जुळवलंय त्यांनीही प्रश्नांचा आणि तपासण्यांचा भाग वाचावा. वर्षानुवर्षं प्रेमात असलेली जोडपीसुद्धा कर्ज, घर आणि आईवडिलांची जबाबदारी यांवर एकदाही नीट बोललेली नसतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

मी एका वधू-वर सूचक केंद्रात काम करते. तिथे येणाऱ्यांना मी आधी एकच सांगते: समोरच्याचं मत विचारू नका, त्याच्या आयुष्यात काय घडलंय ते विचारा. मतं सगळ्यांची चांगली असतात. "लग्नानंतर बायकोने नोकरी केलेली चालेल का?" याला नाही म्हणणारा मुलगा आज शहरात शोधावा लागेल. "तुमच्या घरी रात्रीची भांडी कोण आवरतं?" याचं उत्तर मात्र घरोघरी वेगळं येतं, आणि लग्नानंतर तुम्ही राहणार असता ते त्या उत्तरात.

पायरी १: घरी आणि स्वतःशी बोलून घ्या

पहिलं स्थळ येण्याआधी दोन गोष्टी घरात स्पष्ट करा. आत्ता लग्न करायचंय का, आणि मनात कुणी आहे का. मनात कुणी असताना आईवडिलांच्या आग्रहाखातर "बघून तर घेऊ" म्हणत कार्यक्रमाला बसणं हा समोरच्या घरावर अन्याय आहे. त्या मुलीने किंवा मुलाने सुट्टी काढलेली असते, घरात तयारी चाललेली असते, आणि नकार आला की ते स्वतःतच खोट शोधत बसतात.

मग कागद घ्या आणि ज्यांच्याशिवाय चालणारच नाही अशा तीन-चार अपेक्षा लिहा. आईवडिलांना वेगळा कागद द्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पुढचे वाद कशावरून होणार ते त्याच दिवशी दिसतं, आणि ते स्थळ समोर बसलेलं असताना दिसण्यापेक्षा आत्ता दिसलेलं बरं.

यादी छोटी ठेवा म्हणण्याचं कारण साधं गणित आहे. अटी एकमेकींना गुणतात. १०० स्थळांतली निम्मी पोटजातीने गेली, उरलेल्यांतली निम्मी पत्रिकेने, मग उंचीने, मग पॅकेजने, मग "पुण्यातच स्वतःचा फ्लॅट" या अटीने, की हातात तीन स्थळं उरतात. त्या तिघांच्याही तुमच्याबद्दल अटी असतातच. चार-चार वर्षं "योग्य स्थळच येत नाही" म्हणणाऱ्या घरांत मला बहुतेकदा हेच दिसतं. स्थळं येत असतात, ती बघण्याआधीच बाद होतात.

लिहिलेल्या प्रत्येक अपेक्षेपुढे स्वतःच्या आयुष्यातला एक पुरावा लिहा. "स्वतंत्र विचारांची मुलगी हवी" असं लिहिलं असेल तर बहिणीचा, आईचा किंवा मैत्रिणीचा असा एखादा निर्णय आठवा, जो तुम्हाला पटला नव्हता तरी तुम्ही मान्य केला होता. आठवत नसेल तर ती अपेक्षा तूर्त खोडा.

पायरी २: बायोडाटा

विशेषणं काढून टाका. सुस्वरूप, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, निर्व्यसनी, सुसंस्कृत हे शब्द सगळ्याच बायोडाटांत असल्यामुळे कुणीही वाचत नाही. त्याऐवजी शनिवार-रविवार कसा जातो, गेल्या वर्षभरात काय नवीन शिकलात, कोणासोबत राहता, नोकरी कुठल्या शहरात आणि घरून आहे की ऑफिसात, हे चार ओळींत लिहा. पगार लिहायचा असेल तर हातात येणारा लिहा. वार्षिक पॅकेजचा आकडा आणि दर महिन्याला खात्यात जमा होणारा आकडा यांत बरंच अंतर असतं आणि पुढे त्यावरून मनं कलुषित होतात.

फोटो वर्षभरातला, साधा, फिल्टर नसलेला. चष्मा असेल तर चष्म्यासकट.

घराचा पूर्ण पत्ता, आधार क्रमांक, पॅन, ऑफिसचं ओळखपत्र बायोडाट्यात घालू नका. एकदा पीडीएफ ग्रुपवर गेली की ती कुठे थांबेल ते कुणाच्याच हातात नसतं. मुलींनी स्वतःऐवजी घरातल्या कुणाचा तरी नंबर द्यावा. जन्मवेळ आणि जन्मस्थळ दोन्ही बाजूंनी रस दाखवल्यावर कळवलं तरी पुरतं.

आधीचं लग्न, घटस्फोट, मूल, या गोष्टी बायोडाट्यातच स्पष्ट लिहायच्या. दीर्घकाळ औषधं लागणारा आजार असेल तर तो कागदावर नको, पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, म्हणजे होकाराच्या पुष्कळ आधी, स्वतःहून सांगायचा. महत्त्वाची बाब लपवून मिळवलेली संमती ही हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे लग्न रद्द करून मागण्याचं कारण होऊ शकते. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत त्यासाठी अर्ज करावा लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी, लपवलेलं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात घरात कळतंच.

पायरी ३: शोध

नातेवाईक, समाजाचे मेळावे, सूचक केंद्रं, मॅट्रिमोनी संकेतस्थळं आणि डेटिंग ॲप हे आजचे मार्ग. सगळे वापरा, पण एका वेळी दोनच, नाहीतर प्रत्येक स्थळाला नीट वेळ देता येत नाही आणि माणसं फोटोंसारखी सरकवायची सवय लागते. मध्यस्थ नात्यातला असेल तर त्याला सुरुवातीलाच सांगा की निरोप तुमच्यापर्यंत जसाच्या तसा आला पाहिजे. चांगल्या मनाचे मध्यस्थ दोन्हीकडचे काटे काढून निरोप देतात आणि तिथेच गैरसमज सुरू होतात.

केंद्रात नाव नोंदवण्याआधी त्याची नोंदणी आहे का ते विचारा. महाराष्ट्रात विवाह मंडळांसाठी १९९८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली मंडळाने नोंदणी करणं अपेक्षित आहे. शुल्क किती, किती महिन्यांचं, किती स्थळांचे संपर्क मिळणार, हे पावतीवर घ्या. "लग्न जमलं की इतके द्यायचे" असं तोंडी ठरवू नका.

गावाकडच्या मुलांबद्दल इथे थोडं थांबते, कारण त्यांची अडचण खरी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षं वयोगटात दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ आणि बीड जिल्ह्यात ८०७ मुली होत्या. त्या वयोगटातली मुलं आता लग्नाच्या वयाला येऊ लागलीत. त्यात शेतकरी कुटुंबातल्या मुलीलाही शेतकरी नवरा नको असतो, कारण पिकाचा भाव पडलेल्या वर्षी आईने काय सोसलं ते तिने पाहिलेलं असतं. अशा मुलांना माझं सांगणं एवढंच की शेतीचा खरा हिशोब मांडायला शिका: किती एकर, पाण्याची सोय काय, गेल्या तीन वर्षांत निव्वळ किती उरलं, कर्ज किती, घरात संडास-बाथरूम आणि स्वतंत्र खोली आहे का. मुली शेतीला जेवढ्या घाबरतात त्याहून जास्त अनिश्चिततेला आणि न बोललेल्या गोष्टींना घाबरतात. आणि पैसे घेऊन परराज्यातली किंवा लांबच्या जिल्ह्यातली मुलगी मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालापासून लांब राहा. लग्नानंतर चार दिवसांत नवरी दागिने घेऊन निघून गेल्याच्या तक्रारी पोलिसांत सतत येत असतात. त्याहून वाईट म्हणजे, तशी आणलेली मुलगी स्वतःच विकली गेलेली असू शकते.

ऑनलाइन ओळख असेल तर प्रत्यक्ष भेटीआधी व्हिडिओ कॉल करा. भेटण्याआधी पैशांची गरज, कस्टममध्ये अडकलेली भेटवस्तू, खात्रीची गुंतवणूक यांतलं काहीही निघालं तर तिथेच थांबायचं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पायरी ४: पत्रिकेचं काय करायचं

पत्रिका बघायची की नाही हे घरात आधी ठरवा आणि मग त्यावर ठाम राहा. सगळं पसंत पडल्यावर पत्रिका काढायची आणि मग "जुळत नाही" म्हणून सांगायचं, हा नकार देण्याचा सोपा मार्ग झालाय. मुलामुलींची मनं त्यात उगाच दुखावतात.

ज्यांना बघायची आहे त्यांनी निदान ती कशी चालते ते जाणून घ्यावं. ३६ गुणांतले नाडीचे ८, राशिकूटाचे ७, गणाचे ६, ग्रहमैत्रीचे ५, योनीचे ४, तारेचे ३, वश्याचे २ आणि वर्णाचा १. साधारण १८ च्या वर गुण आले की जुळलं म्हणतात. २७ नक्षत्रं आद्य, मध्य आणि अंत्य या तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत. म्हणजे फक्त एकनाड, म्हणजे दोघांची नाडी एकच, या कारणाने दर तीन स्थळांमागे जवळपास एक बाद होतं. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की मंगळाची पत्रिका म्हणतात. बारांपैकी पाच घरं म्हटल्यावर १०० पत्रिकांतल्या चाळीसेक मंगळाच्या निघणार. इतक्या लोकांना दोष लावणारी गोष्ट किती गांभीर्याने घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी स्वतः पत्रिका बघायला सांगत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाकायलाच हवा. "एकनाड म्हणजे एक रक्तगट, आणि मग मूल नीट होत नाही" असं सर्रास सांगितलं जातं. नवराबायकोचा रक्तगट एक असल्याने मुलाला काहीही होत नाही. लक्ष द्यावं लागतं ते आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तेव्हा, आणि त्यावरही अँटी-डी इंजेक्शन आहे. त्यासाठी लग्न मोडायचं काही कारण नाही.

पायरी ५: भेटी

कांदेपोह्यांचा कार्यक्रम अजून आहे आणि तो वाईट असतोच असं नाही. दोन्ही घरं एकमेकांना बघतात, त्यालाही अर्थ आहे. पण त्यात मुलामुलीला गच्चीवर किंवा आतल्या खोलीत पंधरा मिनिटं देऊन निर्णय मागणं चुकीचं आहे. शक्य असेल तर पहिली भेट दोघांचीच, बाहेर, दिवसा, गर्दीच्या जागी ठेवा. घरच्यांना वेळ आणि ठिकाण सांगून जा. पटलं तर दुसऱ्यांदा कुटुंबं भेटू द्या.

होकाराआधी निदान पाच-सहा भेटी मागून घ्या. घरचे म्हणतील, "लोक काय म्हणतील, इतक्यांदा कशाला?" तेव्हा आवाज न चढवता पण ठाम राहून सांगा की वर्षानुवर्षं एका घरात राहायचंय, त्यासाठी सहा संध्याकाळी जास्त नाहीत. या एका बाबतीत मी मुलामुलींना कधीच माघार घ्यायला सांगत नाही. ज्या घराला दोन महिनेही थांबवत नाही, तिथे घाईचं कारण काय ते शोधा. कधी ते आजी आजारी असल्यासारखं साधं असतं, तर कधी काहीतरी झाकायचं असतं.

भेटींच्या जागा बदला. सगळ्या भेटी कॅफेत झाल्या तर तुम्हाला फक्त कॅफेतला माणूस कळेल. एकदा एकत्र बाजारहाट करा, एकदा बसने किंवा लोकलने जा, एकदा त्याच्या मित्रांना आणि तिच्या मैत्रिणींना भेटा. वेटरशी, रिक्षावाल्याशी, उशीर झाल्यावर, ऑर्डर चुकल्यावर माणूस कसा बोलतो ते बघा. आपल्याशी तर तो सध्या चांगलंच बोलणार आहे.

पायरी ६: प्रश्न

सगळे प्रश्न एका भेटीत विचारू नका, मुलाखत वाटते. प्रत्येक प्रश्न विचारण्याआधी त्याचं स्वतःचं उत्तर द्या. "आमच्याकडे पैशांचं सगळं बाबाच बघतात, मला गेल्या वर्षीच पहिल्यांदा कळलं कर्ज किती आहे ते. तुमच्याकडे कसं आहे?" असं बोललं की समोरचाही मोकळा होतो.

पैशांपासून सुरुवात करा, कारण तोच विषय टाळला जातो. कुठली कर्जं चालू आहेत आणि दर महिन्याला हप्ता किती जातो? घरी किती देता? भाऊ-बहिणीच्या शिक्षणाची किंवा लग्नाची जबाबदारी आहे का? गेल्या वर्षी सगळ्यात मोठा खर्च कशावर केला आणि तो कुणाला विचारून केला? क्रेडिट कार्डाची थकबाकी कधी राहिली होती का? भारतात प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून, वर्षातून एकदा स्वतःचा अहवाल मोफत मिळतो. बोलणी पुढे गेली की दोघांनीही तो काढून एकमेकांना दाखवावा असं मी सुचवते. सुरुवातीला अवघड वाटतं, पण ज्यांनी दाखवला त्यांची पुढची बोलणी सोपी झालेली मी पाहिली आहेत.

मग घर. "एकत्र कुटुंब चालेल का?" हा प्रश्न दोन्ही बाजूंनी निरुपयोगी आहे, कारण त्याला "हो, ॲडजस्ट करू" हेच उत्तर येतं. त्याऐवजी: सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं आणि उठून काय करतं? आई आजारी पडली होती तेव्हा स्वयंपाक कुणी केला? तुम्ही शेवटचं जेवण कधी बनवलंत, आणि काय? घरात मांसाहार होतो का, बाहेर खाल्लेला चालतो का? पाळीच्या दिवसांत घरात काय पद्धत आहे? हा शेवटचा प्रश्न विचारायला मुली लाजतात, पण शिकलेल्या, शहरी घरांतही चार दिवस बाजूला बसवलं जातं आणि मुलीला ते लग्नानंतर कळतं. मुलांनो, तुम्ही स्वतःहून सांगा, म्हणजे तिला विचारावं लागणार नाही.

मुलीच्या आईवडिलांचा विषय तर जवळपास निघतच नाही. एकुलती एक मुलगी असेल, किंवा दोन मुलीच असतील, तर उद्या तिच्या बाबांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांच्याजवळ कोण राहणार? ती तिच्या पगारातून माहेरी पैसे देते, ते लग्नानंतर चालू राहणार का? मुलाने "हो, काही हरकत नाही" म्हटलं तरी पुढे विचारा: तुमच्या मामाकडे किंवा आजोळी कुणी आजारी पडलं होतं तेव्हा आई किती दिवस जाऊन राहिली होती? तेव्हा बाबा काय म्हणाले होते? अशा एखाद्या गोष्टीतून घराची रीत कळते, आणि मुलगा ती रीत बदलू इच्छितो की नाही हे तो ती गोष्ट कशी सांगतो त्यावरून कळतं.

मूल हवं का, केव्हा, आणि उशीर झाला किंवा झालंच नाही तर काय, हेही बोला. बदली झाली तर कोण कुणामागे जाणार? मोठं भांडण शेवटचं कुणाशी झालं आणि ते कसं मिटलं? हा माझा आवडता प्रश्न आहे. ज्याचं कुणाशी कधी भांडणच झालं नाही, किंवा प्रत्येक भांडणात चूक दुसऱ्याचीच होती, त्याच्याशी अजून दोन भेटी जास्त घ्या. दारू-सिगारेटबद्दल "ऑकेजनली" हे उत्तर पुरेसं धरू नका, शेवटचं कधी ते विचारा.

आधीच्या नात्यांबद्दल किती सांगायचं हा प्रत्येकाचा अधिकार आहे. ते नातं पूर्ण संपलंय का, कुणी त्रास देण्याची शक्यता आहे का, एवढं समोरच्याला माहीत असलंच पाहिजे. तपशील उकरून काढणारा, फोनचा पासवर्ड मागणारा, भेटायला जाताना काय घालायचं ते सांगणारा माणूस लग्नानंतर सैल होत नाही.

पायरी ७: खातरजमा

शंका आहे म्हणून चौकशी करायची असं नसतं, ती सगळ्यांचीच करायची आणि आपलीही करू द्यायची. शिक्षण आणि नोकरी तिथल्या ओळखीतून कळते. जमीन सांगितली असेल तर सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट क्रमांकावरून बघता येतो, आणि त्यावर किती नावं आहेत तेही दिसतं. "दहा एकर बागायत" ही कधी कधी पाच भावांच्या सामाईक नावावर असते. न्यायालयात खटला आहे का ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं.

परदेशातलं स्थळ असेल तर व्हिसाचा प्रकार आणि त्याची मुदत, जोडीदाराला तिथे काम करता येईल का, आणि नोकरी गेली तर किती दिवसांत देश सोडावा लागेल, हे कागदावर बघा. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळातल्या कुणाकडून तरी प्रत्यक्ष विचारपूस करा. पंधरा दिवसांच्या सुट्टीत बघणं, साखरपुडा आणि लग्न सगळं उरकायचं म्हणणाऱ्यांना पुढच्या सुट्टीपर्यंत थांबायला सांगा.

पायरी ८: तपासण्या

दोघांनीही करायच्या, म्हणजे कुणाला अपमान वाटत नाही. सीबीसी, रक्तगट, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी एचबीए-टू. थॅलेसेमियाचा वाहक पूर्ण निरोगी असतो, त्याला स्वतःला माहीतही नसतं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिकल सेल या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचंही गणित तसंच आहे, आणि विदर्भात, गडचिरोली-नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत ती तपासणी चुकवूच नये. सरकारी दवाखान्यात ती होते. दोघे वाहक निघाले म्हणून लग्न करू नये असं नाही. गर्भाची तपासणी करून घेता येते. डॉक्टरांशी दोघांनी मिळून बोलावं आणि मग ठरवावं. छत्तीस गुण बघणाऱ्या घरांनी ही एक रक्ततपासणी करावी असं मला फार वाटतं.

पायरी ९: होकार, नकार आणि देणंघेणं

नकार आठवड्याच्या आत कळवा. "पत्रिका जुळत नाही", "मुलाचं अजून ठरत नाही" अशी खोटी कारणं नकोत. "भेटून चांगलं वाटलं, पण आम्ही पुढे जात नाही आहोत, शुभेच्छा" इतकं पुरतं. रंग, वजन, उंची, घराची परिस्थिती यांचा उल्लेख नकारात कधीही करायचा नाही. गप्प बसून तीन आठवडे ताटकळत ठेवणं हे नकारापेक्षा जास्त लागतं.

होकार स्वतः तोंडाने द्या, एकमेकांना, घरच्यांच्या आधी. आणि तो देण्याआधी समोरच्याला एकटं गाठून विचारा: "तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का?" उत्तर येण्याआधी किती वेळ गेला तेही लक्षात घ्या.

याद्या करायच्या बैठकीत मोठी माणसं मानपान, बस्ता, दागिने, हॉलचा खर्च यावर बोलतात. त्या बैठकीत मुलगा-मुलगी दोघांनी बसावं. "आम्हाला काही नको, तुम्ही तुमच्या मुलीला हौसेने काय द्याल ते द्या" हे वाक्य ऐकू आलं की तिथेच मुलाने स्पष्ट म्हणावं, "काहीच नको, खर्च निम्मा-निम्मा." १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याप्रमाणे हुंडा घेणं आणि देणं दोन्हींना किमान पाच वर्षांची शिक्षा आहे, आणि नुसती मागणी करणं हाही गुन्हा आहे. मुलगा त्या बैठकीत गप्प बसला तर तो पुढेही गप्प बसेल. मुलींनी यावरून होकार मागे घ्यायला अजिबात कचरू नये.

जातीबाहेर किंवा धर्माबाहेर

निवड अशी असेल तर घरच्यांना वेळ द्या, पण निर्णय त्यांच्यावर सोपवू नका. २१ वर्षं पूर्ण केलेला मुलगा आणि १८ पूर्ण केलेली मुलगी यांना जोडीदार निवडण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली धर्म न बदलता लग्न होतं. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत असेल तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवसांची मुदत संपली की तीन साक्षीदारांसमोर लग्न करायचं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नवी नोटीस लागते. नोटीस कार्यालयात लावली जाते, त्यामुळे घरून धोका असेल तर आधी वकिलाला भेटा आणि पोलिसांकडे संरक्षणाचा अर्ज द्या. जातपंचायतीने वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. आंतरजातीय लग्नात दोघांपैकी एक जण अनुसूचित जाती-जमातींतला किंवा भटक्या-विमुक्त समाजातला असेल तर समाजकल्याण विभागाकडून ५० हजारांचं अर्थसाहाय्य मिळतं. मोठी रक्कम नाही, पण भाड्याच्या घराचं डिपॉझिट त्यातून निघतं.

साखरपुडा ते लग्न

या काळात तीन-चार महिने तरी जाऊ द्या. तयारीच्या गडबडीत घरं उघडी पडतात. कोण कुणावर चिडतं, कोण कुणाची माफी मागतं, सगळं दिसतं. काही गंभीर कळलं तर साखरपुडा मोडता येतो. पत्रिका छापल्या, हॉलचे पैसे भरले, ही कारणं पुरेशी नाहीत. मोडलेल्या साखरपुड्याची चर्चा चार महिने चालते, मोडलेल्या संसाराचा त्रास वर्षानुवर्षं.

आडनाव बदलायचं की नाही हे आत्ताच ठरवा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, आणि पासपोर्ट जुन्या नावाने चालू राहतो.

गोव्यात लग्न होणार असेल तर एक महत्त्वाची गोष्ट: तिथे नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर दोघांची मालमत्ता सामाईक होते. करार करायचा तर तो लग्नापूर्वीच करावा लागतो, नंतर बदलता येत नाही. निबंधकाकडे आधी इच्छा नोंदवायची आणि मुदतीनंतर पुन्हा जाऊन सही करायची असते. पहिल्या सहीलाच लग्न पूर्ण झालं समजून राहिलेली जोडपी पुढे अडचणीत येतात.

महाराष्ट्रात धार्मिक विधीने लग्न केलंत तर ९० दिवसांच्या आत नोंदणी करा. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत अर्ज मिळतो. दोघांचा वयाचा आणि राहण्याचा पुरावा, लग्नपत्रिका, विधीचा फोटो, भटजींची किंवा ज्यांनी लग्न लावलं त्यांची सही, आणि ओळखपत्रांसह तीन साक्षीदार लागतात. साक्षीदार म्हणून नोंदणीच्याच गावात राहणारी माणसं निवडा, कारण तारीख आयत्या वेळी बदलली तर बाहेरगावच्या मामांना पुन्हा बोलावणं जमत नाही. दाखला हातात आला की त्यावरची नावं, स्पेलिंग आणि जन्मतारखा तिथेच खिडकीपाशी उभं राहून आधारशी ताडून घ्या. चूक निघाली तर ती त्याच दिवशी दुरुस्त करून घेणं सोपं जातं.